संरक्षित ट्रम्पेट

सारस पक्ष्याशी माझं कसलंही वैर नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. उंच आहे, देखणा आहे, जन्मभर एकाच जोडीदारासोबत राहतो. आमच्या गोंदिया जिल्ह्याला त्याचा अभिमान आहे, तसा मलाही आहे. पण गेल्या भादव्यात या पक्ष्यापायी, तेही तिथे नसलेल्या पक्ष्यापायी, माझी जी शोभा झाली ती पाहता मी अजूनही त्याच्याबद्दल इतकं बरं बोलतो, हा माझा मोठेपणा समजावा.

माझा गुन्हा एवढाच की मी जॅझ ऐकतो. विमा कंपनीच्या ऑफिसात दिवसभर मेलेल्या माणसांचे दावे तपासून घरी आलो की मला ट्रम्पेट लागतो. आता आंबा एकट्यानं खाता येतो, पण जॅझ ऐकल्यावर कुणालातरी 'ते मधलं ऐकलंत का' असं विचारावंच लागतं. घरी विचारलं तर दुर्गेश्वरी, म्हणजे माझी बायको, म्हणते, "मधलं कोणतं? मला तर सगळंच मधलं वाटते." ती शाळेत गणित शिकवते. ज्या गोष्टीच्या शेवटी उत्तर येत नाही, त्या गोष्टीवर तिचा विश्वास नाही.

बऱ्याच वर्षांच्या शोधानंतर मला दोन माणसं सापडली. एक डॉक्टर टीना. त्यांचा गोंदियात दातांचा दवाखाना आहे. माझी दाढ काढताना तिथे हळू आवाजात सॅक्सोफोन वाजत होता. तोंडात सगळी हत्यारं असताना मी त्या वादकाचं नाव सांगायचा प्रयत्न केला, तर त्यांना वाटलं भूल उतरली, आणि त्यांनी आणखी एक सुई टोचली. दुसरे लीलाधर बिसेन. त्यांचं आमगावला औषधाचं दुकान आहे आणि तरुणपणी कलकत्त्यात असताना त्यांनी जॅझ ऐकलं होतं, असं ते स्वतः सांगतात. आम्हा तिघांचं मिळून 'गोंदिया जॅझ श्रवण मंडळ' स्थापन झालं. मी अध्यक्ष, टीना सचिव, लीलाधरजी कोषाध्यक्ष. साधा सभासद कुणी उरलाच नाही.

मंडळ म्हटलं की जागा हवी. मी एका समाज भवनात गेलो. तिथले व्यवस्थापक उदारामजी भला माणूस. त्यांनी विचारलं, "कोणता समाज?"

"समाज नाही. जॅझ."

"हां, पन जाज समाजात पोटजात कोणती?"

मी त्यांना जॅझ समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "हे पाहा, आमच्याकडं लग्न हाये, बारसं हाये, प्रवचन हाये, तेरवी हाये. तुमचं ह्या कशातच बसून नाही राहिलं. 'इतर' लिवलं तर पोलीस स्टेशनची परवानगी आणा लागते. तुमी असं करा, तेरवी लिवा. तेरवीले गाद्या फुकट भेटतेत."

"तेरावं कोणाचं लिहू?"

"अध्यक्ष कोन हाये?"

मी तिथून निघालो. माणसाला अब्रू असते, आणि ती गादीवर बसण्यापेक्षा महत्त्वाची असते.

म्हणून सभा गोंदियाच्या कडेला मुर्रीत असलेल्या आमच्या घराच्या गच्चीवर ठरली. रविवारी सकाळी, कारण लीलाधरजींना आमगावहून सकाळची गाडी सोयीची पडते. दिवाणखाना दुर्गेश्वरीनं आधीच नाकारला होता. गच्चीच्या एका बाजूला वस्ती आणि दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातखाचरं. लोकांना त्रास नको म्हणून मी दोन्ही स्पीकर बांध्यांकडे तोंड करून ठेवले. माझं जे काही वाटोळं झालं ते या एका सुसंस्कृत विचारामुळे झालं. स्पीकर वस्तीकडे ठेवले असते तर चार शिव्या खाऊन सुटलो असतो.

पहिल्या सभेसाठी मी माझी सगळ्यात लाडकी तबकडी काढली. वादकांची नावं इथे लिहीत नाही, कारण ज्याला ज्याला सांगितली त्यानं 'कोणत्या गावचे?' एवढंच विचारलं. तर त्या तबकडीत ट्रम्पेट एक लांब हाक मारतो, मग थांबतो, आणि सॅक्सोफोन त्याला दोनदा तुटक उत्तर देतो. पुन्हा हाक, पुन्हा दोनदा उत्तर. ऐकून टीना डोळे मिटून म्हणाल्या, "हेमेंद्रजी, ये जो बीच में वो रुकता है ना, पूरा गाना वहीं पे है." माझे डोळे भरून आले. लीलाधरजी "वा" म्हणाले. ते सगळ्यालाच वा म्हणतात. तबकडी उलटताना जी शांतता असते तिलाही म्हणाले.

एवढ्यात खालून आमचे शेजारी कुंजीलाल कटरे ओरडले. घरामागच्या बांध्या त्यांच्याच. "हेमेंदरभाऊ, हा माणूस काऊन रडून राहिला जी?"

"रडत नाही कुंजीलालजी. सोलो आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे एकटा वाजवतो आहे."

"एकटा हाये म्हनूनच रडून राहिला," कुंजीलालजी म्हणाले आणि पाणी पाहायला निघून गेले. जॅझवर मी बरंच वाचलं आहे, पण याच्या जवळपास जाणारं काही आठवत नाही.

तीन-चार रविवार असे सुखात गेले. मग एका सकाळी ऑफिसला निघालो तर फाटकात एक तरुण उभा. गळ्यात दुर्बीण, अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट. 'हिरवी चोच पक्षीमित्र मंडळा'चा ओमेश. हात जोडून म्हणाला, "काका, अभिनंदन. तुमच्या घरामागे सारसाची जोडी आहे."

मला आनंदच झाला. त्यानं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. बांध्यांपलीकडे जे तळं आहे त्याच्या काठावर उभं राहून केलं होतं, म्हणाला. ऐकलं, आणि माझा आनंद आटला. दुसरी बाजू, पहिलं गाणं. एवढ्या लांबवर ढोल, बेस वगैरे काही पोचलं नव्हतं, नुसता ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन.

"हा नर," ओमेश सांगत होता, "लांब हाक देतो. आणि ही मादी, तिचे दोन तुटक सूर. अगदी नमुनेदार जोडी आहे."

"बाबा रे, तो नर अमेरिकेतला आहे. वारला बिचारा. ही माझी रेकॉर्ड आहे."

ओमेश हसला. लहान मुलाकडे पाहून हसतात तसा. "मागे धानाच्या पात्यांची सळसळ ऐका काका."

"ती तबकडीवरची धूळ आहे."

"आणि इथे तो एकच हाक पुन्हा पुन्हा देतो. घरटं करायच्या वेळी देतात तशी."

"तिथे चरा पडला आहे. सुई अडकते."

मी शेवटचा मुद्दा काढला. सारस माणसाएवढा उंच, धान गुडघ्याएवढं, मग तो कुणाला दिसत कसा नाही? यावर ओमेशचा चेहरा एकदम गंभीर झाला. तो हळूच म्हणाला, "म्हणजे बसलेला आहे. अंड्यांवर."

दोन दिवसांत स्थानिक पेपरात बातमी आली. त्यानंतरच्या आठवड्यात सारस-रक्षण कक्षाचे साहेब जीपमधून आले. त्यांनी कुंजीलालजींच्या बांधीला दुरूनच नमस्कार केल्यासारखं पाहिलं आणि आदेश काढला. घरट्याच्या परिसरात माणसांनी जायचं नाही, आणि सभोवती लाउडस्पीकर, डीजे, बँड, 'तसेच अन्य कोणतेही संगीत' बंद. आदेशात खास माझं नाव घातलं, एक प्रत सगळ्या वस्तीसाठी नाक्यावर लावली आणि एक मला दिली.

मी साहेबांना गच्चीवर नेलं. चहा पाजला. म्हटलं, "साहेब, एक मिनिट द्या. मी तबकडी लावतो, तुम्हीच ऐका. सगळा उलगडा होईल."

"लावू नका," साहेब म्हणाले. "लावलीत तर मला कारवाई करावी लागेल."

"पण लावल्याशिवाय सिद्ध कसं होणार?"

"तो तुमचा प्रश्न आहे."

बऱ्याच विनवण्या केल्यावर त्यांनी अगदी बारीक आवाजात लावायला तोंडी परवानगी दिली. इतका बारीक, की आम्ही दोघं स्पीकरला कान लावून ओणवे बसलो. दुर्गेश्वरी त्याच वेळी वाळवण आणायला वर आली आणि वाळवण न घेताच परत गेली. साहेबांनी लक्ष देऊन ऐकलं आणि मान हलवली.

"छे. याचा सारसाशी काही संबंध नाही. सारस फार मोठ्यानं ओरडतो."

म्हणजे एकच तबकडी हळू वाजवली की संगीत होती आणि मोठ्यानं वाजवली की संरक्षित पक्षी. हे मी साहेबांना म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "तुम्ही सुशिक्षित आहात, सहकार्य करा."

मी सहकार्य केलं. यंत्रावर चादर घातली. आणि अर्थातच, त्या दिवसापासून सारस बोलेनासा झाला.

रविवारी पहाटे पक्षीमित्र यायचे, बांधावर ओळीनं बसायचे, ऊन चढलं की उठून जायचे. जाताना माझ्या घराकडे एक नजर टाकायचे. पेपरात 'मुर्रीचे सारस रुसले' असा मथळा आला, आणि खाली, 'परिसरातील एका रहिवाशाच्या कर्कश संगीतामुळे जोडीने घरटे सोडल्याची शक्यता'. नाव छापलं नव्हतं. नाक्यावरच्या आदेशात होतंच. दुर्गेश्वरीला शाळेत मुलं विचारू लागली, "मॅडम, सरांनी सारस काऊन हाकलला?" ऑफिसात कुणी माझ्या टेबलावर पक्ष्याचं पीस ठेवलं. कोंबडीचं होतं, पण भावना पोचली. कहर म्हणजे कक्षाकडून पत्र आलं: 'आपल्या घराशेजारील सारस जोडी सध्या कोठे आहे, याचा लेखी खुलासा सादर करावा.'

मी मंडळाची तातडीची सभा टीनांच्या दवाखान्यात घेतली. लीलाधरजींना दुसरी खुर्ची नसल्यामुळे दात काढायच्या खुर्चीवर बसवलं, तर ते तिथेच झोपले. टीना म्हणाल्या, "लिख दीजिए कि बर्ड शेल्फ पे है, दूसरी रो में." मी तसं लिहिलं नाही. पण दुसरं काही सुचलंही नाही.

त्याच संध्याकाळी कुंजीलालजी आले. नेहमी फाटकातून ओरडणारा माणूस आत येऊन खुर्चीवर बसला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी आहे.

"भाऊ," ते म्हणाले, "येत्या आयतवारी माहा सत्कार हाये. सारसमित्र शेतकरी म्हनून. शाल, नारळ, मोठे साहेब येऊन राहिले. बायकोनं माहेरचे बलावले, आमगावहून जवाई येऊन राहिला."

"अभिनंदन."

"अभिनंदन कायचं? ओमेश म्हने, पाखरू बोललं नाही तर सत्कार रद्द." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "तुमचा तो सारस वाजवा ना जी एकडाव."

मी थक्क झालो. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माह्या बांधीत सारस असता तर मले दिसला नसता का? मी का आंधळा हावो?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत? माझी इथे बदनामी होऊन राहिली."

"शाल भेटून राहिली होती," कुंजीलालजी साधेपणानं म्हणाले. "तर कायले बोलू?"

मी तत्त्वाचा माणूस आहे. मी स्पष्ट नकार दिला. तेव्हा आतून दुर्गेश्वरी म्हणाली, "वाजवा. नाही तर मी शाळेत काय सांगू?" मग तत्त्व थोडं बाजूला ठेवलं.

रविवारी उजाडताना आम्ही तयारीत होतो. कुंजीलालजींनी एक स्पीकर बांधीवरच्या राखणीच्या खोपडीत नेऊन वाळल्या तणसाखाली झाकला होता आणि धानातून गच्चीपर्यंत तार ओढली होती. गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्यांच्या आड मंडळाचे तिन्ही पदाधिकारी यंत्रापाशी बसले. ठरलं होतं असं की भाषणं झाली की कुंजीलालजी कपाळावरचा घाम पुसतील आणि मी सुई टेकवीन.

खाली बरीच गर्दी होती. सगळ्यांच्या गळ्यात दुर्बिणी, पुढे खुर्च्यांवर मोठे साहेब, कक्षाचे साहेब, ओमेश. शांतता परिसर असल्यामुळे माइक नव्हता. वक्ते कुजबुजत भाषण करत, पहिली रांग ते दुसऱ्या रांगेला सांगे, दुसरी तिसऱ्या रांगेला. 'कुंजीलालजींनी सारसाला वाचवलं' हे वाक्य शेवटच्या रांगेत पोचलं तेव्हा 'कुंजीलालजी सारसाच्या तावडीतून वाचले' असं झालं होतं, आणि त्यांच्या सासरच्या एका बाईनं पदर डोळ्याला लावला.

भादव्याचं ऊन. वर शाल. भाषण अर्ध्यावर असतानाच कुंजीलालजींना खराखुरा घाम आला आणि त्यांनी तो पुसला. मी सुई टेकवली.

ट्रम्पेटनं हाक मारली.

कुजबुजणारे मोठे साहेब तोंड उघडं ठेवून थांबले. शंभरएक माणसं, पण कुणी खोकलं नाही, कुणाचा फोन वाजला नाही. सॅक्सोफोननं उत्तर दिलं. गोधडीच्या फटीतून मी ते चेहरे पाहत होतो. आयुष्यभर मी जॅझ ऐकवतो आहे. लोकांनी मध्येच उठून चहा मागितला आहे, यंत्राचा भाव विचारला आहे, 'थोडं पुढे पळवा ना' म्हटलं आहे. आणि इथे लोक श्वास धरून ऐकत होते. पहिल्या रांगेतली एक म्हातारी हळूच बोलली, ते मला वाऱ्यावर स्पष्ट ऐकू आलं. "थांबला ना मधात, तितंच कसंतरी होते." टीनांनी माझा हात घट्ट धरला.

मग सुई अडकली. त्याच चऱ्यावर. नर एकच हाक पुन्हा पुन्हा देऊ लागला. आधी लोकांना कौतुक वाटलं, मग काळजी वाटू लागली. मोठ्या साहेबांनी 'मादी कुठे आहे?' असं खुणेनं विचारलं. मी सुईकडे हात नेला आणि मागे घेतला. टीनांनी मला बाजूला केलं आणि दाढेतली कीड काढावी तशा सफाईनं सुई उचलून पुढे ठेवली. पुढे म्हणजे फारच पुढे. ढोलांचा सोलो सुरू झाला.

खोपडी दणाणली. तणस थरथरू लागलं.

"हे काय?" कक्षाच्या साहेबांचा आवाज वर चढला.

ओमेश खोपडीकडे पाहत होता. मग त्यानं मान वळवून आमच्या गच्चीकडे पाहिलं. गोधड्यांकडे. आमची नजरानजर झाली असावी असं मला वाटतं. मी डोळे मिटून घेतले.

"नाच," ओमेशचा आवाज आला. "आनंदात असला की सारस पाय आपटून नाचतो साहेब."

ढोलांत बेस मिसळला. "आणि हे डुबुक डुबुक?"

ओमेशनं दुर्बीण डोळ्यांना लावली. "बेडूक," ओमेश म्हणाला.

गाणं संपलं. आता ही तबकडी कुठल्याशा क्लबातल्या प्रत्यक्ष मैफलीत भरलेली आहे, हे मी त्या गडबडीत साफ विसरलो होतो. खोपडीतून टाळ्यांचा कडकडाट झाला. बांधावरच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. टाळ्या नक्की कोणी सुरू केल्या ते कुणालाच कळलं नाही, आणि मोठ्या साहेबांच्या कार्यक्रमात मागे राहणं कुणालाच परवडणारं नव्हतं. शेवटच्या रांगेनं साथ दिली, मग मधल्यांनी, मग स्वतः मोठे साहेब उभे राहून टाळ्या वाजवू लागले. शांतता परिसराचा आदेश काढणारे साहेब सगळ्यात जोरात वाजवत होते. या गोंधळात जागे झालेले लीलाधरजी खणखणीत आवाजात "वा" म्हणाले, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी सुई उचलली.

कुंजीलालजींची शाल कायम राहिली. जोडी नसून मोठा थवा असावा, असा शेरा साहेबांनी मारला आणि शांतता परिसर कायमचा केला. तेव्हापासून आमच्या भागात लग्नाचे डीजे वाजत नाहीत, आणि वस्तीतले लोक त्यासाठी कधी कुंजीलालजींचे आभार मानतात, कधी सारसाचे. माझे अजून कुणी मानलेले नाहीत. माझ्याकडून मागितलेला खुलासाही साहेबांनी रद्द केला, 'जोडी परत आल्याने' असं कारण देऊन.

गर्दी पांगल्यावर आम्ही तार गुंडाळत होतो, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. ओमेश वर आला. दुर्बीण काढून त्यानं हातात धरली होती. गोधडी बाजूला सारून तो आत आला आणि यंत्राकडे, तबकडीकडे आणि मग आमच्या तिघांकडे पाहत उभा राहिला. मी मनातल्या मनात माफीची सुरुवात जुळवू लागलो.

"काका," तो म्हणाला, "या नराचं दुसरं काही आहे का ऐकायला?"

मी खोक्यातून दुसरी तबकडी काढली आणि लावली. तो खाली मांडी घालून बसला. पूर्ण बाजू त्यानं मान खाली घालून ऐकली. संपल्यावर म्हणाला, "पहिल्यात जास्त जीव होता. इथे तो स्वतःचंच ऐकून राहिला आहे, मादीचं ऐकतच नाही."

"बिलकुल गलत," टीना म्हणाल्या. "यहाँ वो जानबूझ के उसको जगह दे रहा है. आपने सुना ही नहीं."

"ऐकलं मॅडम. जागा दिली नाही, विसरला."

"विसरला?" लीलाधरजी एकदम ताठ बसले. "असा माणूस विसरत नसते."

तिघांचेही आवाज चढले. खालून कुंजीलालजींनी शांतता परिसराची आठवण करून दिली. अध्यक्ष या नात्यानं मी मध्ये पडायला हवं होतं. मी सुई उचलली आणि पुन्हा सुरुवातीला ठेवली.